पोस्टरवरचा चेहरा: स्त्री स्ट्रीट फोटोग्राफरांच्या एका प्रदर्शनातले निर्णय

या प्रकरणात कुणाचंही नाव दिलेलं नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायदे, न्यायालयांचे निकाल आणि फोटोग्राफीच्या इतिहासातली नावं मात्र जशीच्या तशी आहेत. मुख्य बायका चार. एक, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या स्थलांतरित छायापत्रकार. स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे न सांगता टिपलेले फोटो, करणाऱ्या बायकांसाठी त्यांनी एक संस्था उभी केली, म्हणून त्यांना पुढे संस्थापिका म्हटलं आहे. दुसरी, त्यांनी पुढे आणलेली एक तरुण फोटोग्राफर. तिसरी, बर्लिनमधली सहकारी क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन आखणारी. आणि चौथी फोटोतली बाई, जिला बराच काळ कुणी काही विचारलंच नव्हतं.

## पार्श्वभूमी

संस्थापिकेचा जन्म सोव्हिएत काळातल्या एका कारखान्यांच्या शहरातला. तिथल्या फोटो क्लबात त्या शिकल्या. झेनिट कॅमेरा, कृष्णधवल फिल्म आणि रात्री घरच्या न्हाणीघरात थाटलेली डार्करूम. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि पुढच्या काही वर्षांत त्या न्यूयॉर्कला आल्या. इंग्रजी जेमतेम, पण डार्करूममध्ये बोलावं कमी लागतं. प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरून काढण्यात त्यांचा हात बसलेला होता. त्या कामावरच त्यांना एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या फोटो विभागात नोकरी मिळाली.

वृत्तसंस्था तेव्हा रसायनांकडून स्कॅनरकडे वळत होत्या. निगेटिव्ह अजून धुतली जायची, पण प्रिंट काढायच्या भानगडीत न पडता सरळ स्कॅन करून पाठवली जायची. रात्रपाळीला बसून त्या जगभरातून आलेले फोटो साफ करायच्या, रंग जुळवायच्या, कॅप्शन तपासायच्या. कोण, काय, कुठे, कधी. पहिलं वाक्य वर्तमानकाळात. नावाचं स्पेलिंग पुन्हा एकदा पडताळून. धूळ काढायची, पण फोटोतली एकही वस्तू हलवायची नाही. ही शिस्त पुढे बर्लिनमध्ये त्यांच्या कामीही आली आणि आडवीही आली.

काही वर्षांनी त्यांना कॅमेरा घेऊन बाहेरच्या कामांवर पाठवायला लागले. त्यांचा एक फोटो बऱ्याच देशांतल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. कुठे त्यांचं नाव छापलं गेलं, कुठे नुसतं वृत्तसंस्थेचं. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा असतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर तोच फोटो स्वतःच्या प्रदर्शनात लावायचा म्हटल्यावर त्यांना लेखी परवानगी मागावी लागली. ती मिळाली, पण मागावी लागली हे त्या विसरल्या नाहीत. (होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापून यायचे, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवेल. मालकी हा एक प्रश्न आणि नाव हा दुसरा. बायकांच्या वाट्याला बरेचदा दोन्ही येतात.)

नोकरीनंतरची बरीच वर्षं समारंभ आणि कौटुंबिक पोर्ट्रेट यांवर घर चाललं. रस्त्यावरचे फोटो त्या स्वतःसाठी काढत राहिल्या. २०१७ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर एक पान सुरू केलं. रोज एका बाईने काढलेला एक स्ट्रीट फोटो, सोबत तिचं पूर्ण नाव, ठिकाण, वर्ष. फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरचाच राहील, हे पानाच्या नियमांत पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ कुठून आली हे वेगळं सांगायला नको.

या पानामागे राग होता, आणि तो अनाठायी नव्हता. स्ट्रीट फोटोग्राफर हेलन लेविट यांचं स्वतंत्र प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९४३ मध्येच झालं होतं. फोटोग्राफर लिझेट मॉडेल व्हिएन्नात जन्मल्या, १९३८ मध्ये न्यूयॉर्कला आल्या आणि पुढे नावाजलेल्या फोटोग्राफर डायान आर्बस त्यांच्याकडे शिकल्या. तरी स्ट्रीट फोटोग्राफीचा इतिहास सांगायला बसलेला माणूस आधी कार्तिए-ब्रेसाँ, मग विनोग्रँड, मग फ्रीडलँडर अशी पुरुषांचीच नावं घेतो. व्हिव्हियन मायर यांनी मुलं सांभाळण्याच्या नोकऱ्या करत लाखाच्या वर फोटो काढले. त्यांच्या सामानाचा २००७ मध्ये शिकागोत लिलाव झाला म्हणून ते बाहेर आले, आणि नाव व्हायच्या आधीच, २००९ मध्ये, त्या वारल्या. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत भाग घेणाऱ्यांच्या २०१५ च्या पाहणीत सुमारे ८५ टक्के पुरुष निघाले होते. डॅनिएला झॅल्कमन यांनी स्त्री छायापत्रकारांची विमेन फोटोग्राफ ही सूची सुरू केली तीही २०१७ मध्येच. त्यामुळे संस्थापिकेचं पान वाढलं याचं नवल नाही. वर्षभरात त्याला प्रदर्शनांची जोड मिळाली. खुल्या आवाहनातून फोटो यायचे, निवड संस्थापिका एकट्या करायच्या, प्रिंटचा खर्च प्रवेशशुल्कातून निघेल तेवढा निघायचा आणि उरलेला त्या स्वतः घालायच्या.

एकटीने निवड करणं सोयीचं होतं. कुणाची वाट बघायला नको, समितीची भांडणं नकोत. पण त्यामुळे एखादा फोटो का निवडला आणि कशासाठी वापरायचा हे दोन निर्णय कधी वेगळे झालेच नाहीत.

## पेच

महामारीच्या आधीच्या काळात बर्लिनमध्ये प्रदर्शन ठरलं. तिथल्या एका छोट्या गॅलरीतली क्युरेटर सहकारी म्हणून सोबत होती. निवडलेल्या फोटोंतला एक बर्लिनमध्येच काढलेला होता. ट्रामच्या थांब्यावर हिरव्या रेनकोटातली पन्नाशीची बाई उभी आहे, डोळे मिटलेले. मागच्या काचेतल्या जाहिरातीतल्या मॉडेलचं हसरं तोंड काचेच्या प्रतिबिंबामुळे बरोबर तिच्या गालावर आलेलं आहे. फोटो चांगला होता. रंग, वेळ, चौकट सगळं जमून आलेलं, आणि पानावर त्याला इतर कुठल्याही फोटोपेक्षा जास्त लाइक मिळाले होते. त्याच उत्साहात संस्थापिकेने फोटोग्राफरला ईमेल लिहिली की बर्लिनच्या पोस्टरवर हाच फोटो असेल.

फोटोग्राफर स्वतः काही वर्षांपूर्वी आपला देश सोडून बर्लिनला आलेली. दिवसा दुसरी नोकरी, सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा. बर्लिनच्या चौकाचौकांत जाहिराती लावायचे गोल खांब असतात. १८५५ पासूनची ती पद्धत आहे. आपला फोटो त्या खांबांवर लागणार ही बातमी तिने घरी कळवली, मित्रमैत्रिणींना सांगितली. यात तिचं काहीच चुकलं नाही. तिला लेखी शब्द मिळाला होता.

पोस्टर छापायला जायच्या आदल्या आठवड्यात क्युरेटरने फाइल उघडून पाहिली आणि संस्थापिकेला कळवलं की हा चेहरा गॅलरीच्या भिंतीवर चालेल, रस्त्यावरच्या खांबावर चालणार नाही.

## कायद्याची बाजू

न्यूयॉर्कमध्ये मुरलेल्या छायापत्रकाराला हे पटकन पचणं अवघड होतं. तिथला अनुभव वेगळा सांगतो. १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला होता. ती खटला हरली, लोक संतापले आणि १९०३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. जाहिरात आणि धंद्यासाठी कुणाचा चेहरा वापरायचा तर लेखी संमती हवी. पण कलेला तो लागू होत नाही, असंच तिथली न्यायालयं मानत आली. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये लपवलेल्या फ्लॅशने काढलेल्या चेहऱ्यांपैकी एका वयस्कर ज्यू गृहस्थांनी दावा लावला. आपला चेहरा असा दाखवणं धर्माविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रिंट २० ते ३० हजार डॉलरना विकल्या गेल्या होत्या. २००६ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला: ही कला आहे, विकली गेली म्हणून ती जाहिरात होत नाही.

जर्मनीत उलटी सुरुवात होते. १९०७ च्या कायद्याचं कलम २२ म्हणतं की माणसाची प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय पसरवता किंवा जाहीर दाखवता येत नाही. कलम २३ मध्ये अपवाद आहेत, त्यांतला एक कलेच्या वरच्या दर्जाच्या हिताचा. पण त्या अपवादालाही मर्यादा आहे: चित्रातल्या माणसाच्या रास्त हिताला बाधा येत असेल तर तो चालत नाही. क्युरेटरने ज्याचा हवाला दिला तो निकाल ताजा होता. बर्लिनमध्येच एका प्रदर्शनाच्या वेळी, रहदारीच्या रस्त्यालगत मोठ्या फलकावर एका अनोळखी बाईचा स्ट्रीट फोटो लावला होता. ती न्यायालयात गेली. प्रकरण जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०१८ मध्ये निकाल लागला. स्ट्रीट फोटोग्राफी ही कला आहे, आणि कायद्याचा अर्थ ती अशक्यच होईल असा लावता कामा नये, हे न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. पण येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एवढ्या मोठ्या आकारात तो चेहरा टांगण्याबद्दल खालच्या न्यायालयांनी बाईच्या बाजूने दिलेला कौल त्याने मोडला नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा नियमही लागू झाला होता, त्यामुळे गॅलऱ्या आधीच बिचकलेल्या होत्या.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आणखी कडक आहे. माँट्रियलच्या एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो एका कला नियतकालिकाने छापला, आणि १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मिळालेली २,००० डॉलरची भरपाई कायम केली. फोटोत तिला कमीपणा आणणारं काहीच नव्हतं. हे सगळं क्युरेटरने एका लांब ईमेलमध्ये मांडलं. ती ईमेल या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी कागद आहे.

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय: काही बदलायचं नाही. बाई पोस्टर बघेलच असं नाही, बघितलं तरी तक्रार करेल असं नाही. संस्थापिकेचं पहिलं मत हेच होतं. मागे बातमीची सवय होती: आधी छापा, चूक निघाली तर दुरुस्ती द्या. पण गॅलरीचा परवाना, करार आणि नाव क्युरेटरच्या अंगावर होतं. खटला झाला असता तर तो न्यूयॉर्कला पोचला नसता.

दुसरा पर्याय: चेहरा धूसर करायचा किंवा कापायचा. संस्थापिकेने तो ऐकूनच नाकारला. फोटोतलं काही हलवायचं नाही हा वृत्तसंस्थेतला नियम त्यांच्या रक्तात होता. शिवाय फोटोचा सगळा खेळ त्या गालावरच्या तोंडात होता. चेहरा पुसला की उरतो रेनकोट.

तिसरा: हा फोटो दालनात राहू द्यायचा, पोस्टरसाठी दुसरा घ्यायचा. चौथा: पोस्टरवर फोटोच नको, नुसती अक्षरं. चौथ्याला कुणीच उत्साह दाखवला नाही.

पाचवा पर्याय गॅलरीत काम करणाऱ्या एका मदतनिसाने सुचवला. त्या थांब्यावर त्याच वारी, त्याच वेळेला जाऊन उभं राहायचं. कामाला जाणारी माणसं रोज एकाच थांब्यावर चढतात. बाई सापडली तर फोटो दाखवायचा आणि विचारायचं. खर्च ट्रामच्या तिकिटाचा. हा पर्याय हसण्यावारी गेला. एक कारण वेळेचं होतं. दुसरं कुणी बोललं नाही, पण ते दिसतं: ती नाही म्हणाली तर भिंतीवरचा फोटोही काढावा लागेल. न विचारण्यात एक सोय होती.

## पहिला निर्णय, आणि तो कसा कळवला गेला

तिसरा पर्याय ठरला. पोस्टरसाठी पाठमोऱ्या, छत्रीखालच्या आकृत्यांचा एक फोटो निवडला गेला, तो दुसऱ्याच देशातल्या, वयाने मोठ्या आणि आधीच नाव असलेल्या फोटोग्राफरचा. निर्णय म्हणून यात काही गैर नाही. मला तो बरोबरच वाटतो.

बिघडलं ते नंतर. संस्थापिका त्या दिवसांत कॅटलॉगच्या छपाईत बुडलेल्या होत्या आणि फोटोग्राफरला सविस्तर लिहायचं त्यांनी पुढे ढकललं. तिला बातमी कळली ती क्युरेटरकडून, तीही दुसऱ्याच कामाच्या फोनमध्ये, ओघाओघात. तिने दोन गोष्टी ऐकल्या: माझा फोटो काढून टाकला, आणि माझ्याऐवजी आधीच प्रसिद्ध असलेलीला घेतलं. तिने संस्थापिकेला लिहिलेल्या पत्राचा सूर कडवट होता. पुरुषांनी पन्नास वर्षं रस्त्यावरच्या बायकांना न विचारता टिपलं, त्यांची पुस्तकं निघाली, त्यांना कुणी कायदा दाखवला नाही. आता बाईच्या हातात कॅमेरा आला तर पहिला ब्रेक तुमच्याच संस्थेने लावला, असं तिचं म्हणणं.

त्यात तथ्य आहे. विनोग्रँड यांचं १९७५ चं एक आख्खं पुस्तक रस्त्यावरच्या अनोळखी बायकांचं आहे आणि ते आजही अभ्यासाला असतं. बायकांना रस्त्यावर फोटो काढताना जे सोसावं लागतं, अंधार पडल्यावर घरी परत यायचा हिशेब, पाठलाग, शेरे, ते पुरुष फोटोग्राफरांच्या गावीही नसतं. पण कॅमेऱ्यामागे बाई आहे म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या बाईचा प्रश्न मिटत नाही, आणि या दोघींची बाजू एकाच वेळी घेता येते असं संस्थेने तोवर गृहीत धरलं होतं. बायकांची नजर मुळातच मायेची असते, असं प्रदर्शनांच्या पत्रकांत लिहिलेलं असतं. हा फोटो मायेचा नव्हता. तो हुशार होता, थोडा खट्याळ होता, आणि विनोद त्या बाईच्या चेहऱ्यावर होता.

संस्थापिकेने फोन केला, माफी मागितली ती कळवण्याच्या पद्धतीबद्दल, निर्णयाबद्दल नाही. हा फरक त्यांनी स्पष्ट ठेवला हे मला महत्त्वाचं वाटतं. फोटोग्राफर उद्घाटनाला आली, पण गटाच्या फोटोत उभी राहिली नाही.

## दुसरा पेच: बाई स्वतः आली

प्रदर्शनाच्या दुसऱ्या आठवड्यात हिरव्या रेनकोटातली बाई गॅलरीत आली. तिला तिच्या पुतणीने इन्स्टाग्रामवरचा फोटो दाखवला होता. ती भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग टेबलाशी येऊन शांतपणे बोलली. भिंतीवरचा फोटो काढा असं ती म्हणाली नाही. तिची तक्रार पानावरच्या फोटोखालच्या शेऱ्यांबद्दल होती. तिच्या वयावर, गालावर, मिटलेल्या डोळ्यांवर लोकांनी विनोद केले होते, आणि ते सगळे हसऱ्या चिन्हांसकट तिने वाचले होते. त्या फोटोत ती डोळे मिटून का उभी होती हे तिने सांगितलं. ते कारण इथे लिहिण्याची गरज नाही. एवढंच की ते हसण्याचं नव्हतं.

क्युरेटरने तिचं म्हणणं लिहून घेतलं, संपर्क घेतला आणि त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कला फोन लावला.

या वेळी संस्थापिका डगमगल्या नाहीत. पर्याय पुन्हा होते: फक्त शेरे पुसायचे, शेरे बंद करून फोटो ठेवायचा, फोटो काढून टाकायचा. त्यांनी थेट तिसरा निवडला आणि फोटो तासाभरात पानावरून गेला. पण तोवर तो अनेकांनी आपापल्या पानांवर टाकलेला होता. इथे वृत्तसंस्थेतली सवय कामी आली. एखादा फोटो चुकीचा किंवा घातक निघाला की वृत्तसंस्था सगळ्या ग्राहकांना किल नोटीस पाठवते: हा फोटो वापरू नका, साठ्यातूनही काढा, कारण अमुक. त्यात लाडीगोडी नसते. संस्थापिकेने तशाच कोरड्या चार ओळी लिहिल्या आणि मदतनिसांसोबत बसून फोटो टाकणाऱ्या पानांना एकेक करून पाठवल्या. बहुतेकांनी काढला. काहींनी उत्तरच दिलं नाही.

राहिलं फोटोग्राफरचं स्वतःचं पान. कॉपीराइट तिचा होता, संस्थेनेच तो तिच्याकडे ठेवला होता, त्यामुळे फोटो हटव असं तिला सांगण्याचा अधिकार संस्थेला नव्हता. क्युरेटरने सुचवलं की तिने त्या बाईला भेटावं. त्या दोघींची भेट झाली. काय बोलणं झालं ते दोघींपुरतं राहिलं. फोटोग्राफरने बाईला प्रिंट देऊ केली, बाईने घेतली नाही. फोटो फोटोग्राफरच्या पानावर राहिला, पण शेरे बंद करून. बाईला तेवढं चाललं. भिंतीवरची प्रिंट प्रदर्शन संपेपर्यंत तिथेच होती.

## निष्पत्ती

कायदेशीर काहीही घडलं नाही. पैशाचं नुकसान म्हणजे पोस्टरच्या दुसऱ्या डिझाइनचा खर्च. खरी किंमत माणसांत मोजावी लागली: फोटोग्राफर नंतरच्या आवाहनांत उतरली नाही. ती काम करते आहे, चांगलं करते आहे, आणि संस्थेचा उल्लेख तिच्या परिचयात नाही.

नियम बदलले. खुल्या आवाहनाच्या अर्जात आता विचारलं जातं की फोटो कुठल्या देशात काढला, त्यात कुणी ओळखू येतं का, आणि प्रसिद्धीसाठी वापरायला फोटोग्राफरची तयारी आहे का. प्रसिद्धीसाठी निवडलेल्या फोटोला वेगळं मानधन मिळतं. ही सुधारणा मला सगळ्यात उशिरा आलेली वाटते. ज्या बाईला स्वतःच्या फोटोसाठी परवानगी मागावी लागली होती, तिने दुसरीचा फोटो पोस्टरवर फुकट वापरायचं ठरवलं होतं, आणि त्याबद्दल तेव्हा कुणालाच काही खटकलं नव्हतं, फोटोग्राफरलाही नाही. तिला ते बक्षीस वाटलं होतं.

निवड आता तिघीजणी करतात. त्यांतली एक नेहमी प्रदर्शन असेल त्या देशातली असते. लाइकचे आकडे निवडीच्या वेळी झाकलेले असतात.

इन्स्टाग्रामवरचं अवलंबूनही हळूहळू कमी केलं गेलं. त्याला या प्रकरणाइतकंच दुसरंही कारण होतं. २०२१ च्या जूनमध्ये इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनीच जाहीर केलं की आता आम्ही फोटोंचं ॲप राहिलेलो नाही. छापील पुस्तिका आणि भिंत यांवर भर वाढला, आणि तिथे शेरे नसतात.

## वेगळं काय करता आलं असतं

पोस्टरचा शब्द ईमेलमध्ये द्यायलाच नको होता. निवड झाली एवढं कळवून, पोस्टरचा फोटो स्थानिक सहकाऱ्याशी बोलून ठरेल असं लिहिलं असतं तर पुढची कटुता निम्मी झाली असती. क्युरेटरला निवडीनंतर विचारलं गेलं, आधी नाही. वृत्तसंस्थेत मुख्यालय ठरवतं आणि ब्यूरो, म्हणजे स्थानिक कार्यालय, अमलात आणतो, तीच घडी नकळत इथे आली होती. बर्लिनमध्ये काढलेला, बर्लिनमध्ये दाखवायचा, आणि बर्लिनच्याच खांबावर लावायचा फोटो बर्लिनमधल्या माणसाला दाखवायचं सगळ्यात शेवटी सुचलं, हे विचित्रच आहे.

फोटोग्राफरला स्वतः फोन करायला अर्धा तास लागला असता. कॅटलॉग थांबला नसता.

ट्रामच्या थांब्याचा पर्याय इतक्या लवकर सोडायला नको होता. तो शेवटी उपयोगी पडला असता की नाही हे सांगता येत नाही, पण त्यातून दोन गोष्टी झाल्या असत्या. एक, नकाराची तयारी आधीच करावी लागली असती. दुसरी, शेऱ्यांबद्दल बाईला पुतणीच्या फोनवरून कळण्याआधी संस्थेला तिच्याकडून कळलं असतं. यावर नेहमी येणारं उत्तर असं की प्रत्येक अनोळखी माणसाला शोधत बसलो तर स्ट्रीट फोटोग्राफी संपेल. ते खरं आहे, आणि जर्मन घटना न्यायालयानेही तेच मान्य केलं. पण इथे प्रत्येक माणसाचा प्रश्न नव्हता. शेकडो फोटोंतून एक उचलून चौकात लावायचा होता. त्या एकासाठी थांब्यावर जाऊन उभं राहणं फार मोठी मागणी नाही.

फोटो निवडताना लाइक बघणं बंद झालं, ते योग्यच. पण या प्रकरणात लाइकपेक्षा शेरे जास्त बोलत होते, आणि ते कुणी वाचले नव्हते. पोस्टर ठरवण्याआधी फोटोखालचे पहिले पानभर शेरे वाचले असते तर लोक त्या फोटोत काय बघून हसताहेत हे न्यूयॉर्कमध्ये बसूनही कळलं असतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. प्रदर्शनाचा कॅटलॉग पोस्टरच्या वादाआधीच छापखान्यात गेला होता आणि त्यात तो फोटो पूर्ण पानावर आहे. उरलेल्या प्रती विकायच्या की नाही यावर तिघी निवडकर्त्यांचं एकमत झालं नाही. दोघींचं म्हणणं, बाईने भिंतीवरच्या प्रिंटला हरकत घेतली नव्हती, मग पुस्तकालाही नसेल. तिसरी म्हणते, हे तिला विचारल्याशिवाय कसं ठरवता. प्रती सध्या गॅलरीच्या गोदामात आहेत, आणि पत्र लिहायचं काम क्युरेटरकडे दिलेलं आहे.